अंडरव्होल्ट करायला शिकताय? स्लायडरला हात लावण्याआधी

दुकानात नवीन आलेलं पोरगं थ्रॉटलस्टॉप (प्रोसेसरचं व्होल्टेज आणि वेग बदलायचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर) उघडतं आणि पहिला हात घालतं तो एफआयव्हीआरच्या, म्हणजे व्होल्टेजच्या खिडकीतल्या, स्लायडरला. कुठल्यातरी व्हिडिओत उणे १२५ मिलिव्होल्ट बघितलेलं असतं. तोच आकडा इथे टाकायचा, तापमान उतरलं की खूश. हे करू नका. एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी घेतलेले दोन लॅपटॉप असतात. एक उणे ११० वर निवांत चालतो, दुसरा उणे ७० वर मान टाकतो. चिप चिपपरत्वे वेगळी निघते. दुसऱ्याचा आकडा म्हणजे दुसऱ्याचा चष्मा.

मी हे काम कुडाळला एका रिपेअरिंगच्या दुकानात शिकले. अजून शिकतेच आहे. अंडरव्होल्ट म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज ठरलेल्यापेक्षा थोडं उतरवणं, हे तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून थोडक्यात: प्रोसेसर खातो ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर तेवढ्याच वेगाला वीज साधारण १९ टक्के कमी लागते. इंटेलच्या कमी विजेच्या यू सिरीजच्या १५ वॅटवाल्या लॅपटॉपला हे जास्त लागू पडतं, कारण तिथे उरलेली वीज वेगाच्या कामी येते. पण हा सगळा हिशेब मशीन वीज किंवा उष्णतेपायी अडत असेल तरच. नसेल अडत, तर रात्रभर स्लायडर ओढत बसा, काही होणार नाही.

आमचे मालक कुठलाही गरम लॅपटॉप टेबलावर आला की एकच वाक्य बोलायचे, “आधी पंखो साफ कर गो, मगे काय ता सॉफ्टवेअर बघ.” तेव्हा राग यायचा. कॉलेजातून शिकून आलेल्या मुलीला ब्रश आणि ब्लोअर धरायला लावतात म्हणून. पण मालवण, वेंगुर्ल्याकडून येणारी मशीन उघडा म्हणजे कळेल. पंख्यामागच्या हीटसिंकच्या जाळीत दमट धुळीचा जाड पापुद्रा बसलेला असतो, नखाने सोलला की अख्खा निघतो. खाऱ्या हवेने तांब्याच्या पाइपला हिरवट थर आलेला. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट सुकून खडूसारखी पांढरी. ते साफ करून नवीन पेस्ट लावली की निम्म्या गिऱ्हाइकांना अंडरव्होल्टची गरजच उरत नाही. जो मालक नवीन माणसाला सुरुवातीला फक्त धूळ काढायला लावतो त्याला शिव्या घालू नका. जो पहिल्याच दिवशी ‘एका क्लिकमध्ये बूस्ट’ करणारं सॉफ्टवेअर टाकायला शिकवतो, त्याच्याकडून काम मात्र सोडा.

सफाईनंतरही मशीन रखडत असेल तर थ्रॉटलस्टॉपमधली लिमिट रीझन्सची खिडकी उघडायची. छोटीशी आहे, कुणी बघत नाही. लाल चौकोन म्हणजे आत्ता अडतंय, पिवळा म्हणजे मघाशी अडलं होतं. क्लिअर दाबा, गिऱ्हाईक जे काम करतं तेच करून बघा, आणि कुठलं नाव पेटतं ते वाचा. थर्मल पेटलं तर उष्णता. पीएल१ किंवा पीएल२ पेटलं तर विजेची मर्यादा. या दोन्हींत व्होल्टेज उतरवून फायदा होतो. बीडी प्रोचॉट पेटलं तर स्लायडर विसरा.

बीडी प्रोचॉट म्हणजे प्रोसेसरला बाहेरून मिळालेला ‘थांब’ असा इशारा. देणारा बोर्डवरचा दुसराच कुणी असतो. लॅपटॉप ०.८० गिगाहर्ट्झच्या आसपास अडकतो, तापमान ४५ अंश, तरी माउस ओढत चालतो. आपल्या किनाऱ्यावर याचं एक ठरलेलं कारण म्हणजे चार्जर. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधोमध बारीक पिन असते, तिच्यातून चार्जर स्वतःची ओळख सांगतो. खाऱ्या दमट हवेत पिन काळवंडली, वाकली किंवा वायर आत तुटली की लॅपटॉपला चार्जर ओळखता येत नाही, मग तो वेग पाडतो आणि बॅटरीही चार्ज करत नाही. दुसरा चांगला चार्जर लावा, पाच मिनिटांत निकाल लागतो. थ्रॉटलस्टॉपच्या पहिल्याच पानावर बीडी प्रोचॉटची खूण काढून टाकली की मशीन लगेच पळायला लागतं, हे खरं आहे. खात्री करण्यापुरती काढा. तशीच काढून लॅपटॉप गिऱ्हाइकाच्या हातात देणं हा चावटपणा आहे; इशारा बंद झाला, बिघाड तिथेच राहिला.

आता कुलपाबद्दल. स्लायडर ओढला, अप्लाय दाबलं, तरी ऑफसेटच्या (किती व्होल्टेज वजा झालं त्या) रकान्यात शून्यच, किंवा तिथे ‘लॉक्ड’ लिहिलेलं. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला जाहीर झाला. बर्मिंगहॅम, ग्राझ आणि लव्हेनच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं की सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज उतरवून इंटेलच्या एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातलं गुपित फोडता येतं. त्यावर इंटेलने सुधारणा दिली आणि लॅपटॉपवाल्यांनी बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून व्होल्टेजची ही वाट बंद केली. गेल्या महिन्यापर्यंत चाललेलं अंडरव्होल्ट अचानक बंद पडलं तर आधी बायोस अपडेट झालंय का ते विचारा. दुसरं कारण विंडोजमधलं: कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटेग्रिटी चालू असेल तर असली टूल्स अडतात. ती बंद करता येते, जुनं बायोसही कुठे कुठे परत टाकता येतं. माझं मत स्पष्ट आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर काय करायचं ते करा. ज्या मशीनवर लोकांचे आधार, सातबारा, बँकेचे फॉर्म भरले जातात तिथे चार अंश तापमानासाठी सुरक्षा काढू नका. गिऱ्हाइकाला ‘यात होणार नाही’ म्हणून सांगायला लाजू नका.

कोअर (प्रोसेसरचा काम करणारा भाग) आणि कॅशे (त्याची आतली झटपट मेमरी) हे दोन स्लायडर सारखे ठेवा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या लॅपटॉप चिपमध्ये दोघांना वीज एकाच वाटेने जाते, ज्याला जास्त व्होल्टेज हवं त्याचंच चालतं. नुसता कोअर उणे १०० केला आणि कॅशे शून्यावर राहिला तर काहीच उतरत नाही. आणि १०० टाकल्यावर ९९.६ दिसलं तर घाबरू नका, पायऱ्या व्होल्टच्या १०२४ व्या भागाच्या आहेत, म्हणून.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त घुमवलं ते. देवगडच्या एका आंबा व्यापाऱ्याचा लॅपटॉप होता, आय५-८२५०यू. चार कोअर, आठ थ्रेड (एका वेळी आठ कामं), १५ वॅट, मूळ वेग १.६ आणि टर्बो ३.४ गिगाहर्ट्झ. ऐन हंगाम, पेट्यांची बिलं सुरू. उणे १०५ वर आठही थ्रेडना जुंपून रात्रभर ठेवला. एकही एरर नाही. मालकसुद्धा म्हणाले, रात्र काढली म्हणजे पक्का. मशीन गेलं आणि परत आलं. तक्रार अशी: काही जड काम करत नाही, एक्सेल नुसतं उघडं ठेवून फोनवर भाव बोलतोय, परत येऊन एका चौकटीवर क्लिक केलं की स्क्रीन गोठली. पुन्हा रात्रभर ताण दिला, पुन्हा पास.

कारण असं. आठही थ्रेड जुंपले की १५ वॅटची मर्यादा सुरुवातीच्या काही सेकंदांनंतर लागू होते आणि वेग अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास उतरतो. म्हणजे रात्रभर परीक्षा झाली ती मधल्याच वेगाची. प्रोसेसरकडे प्रत्येक वेगासाठी किती व्होल्टेज लागेल याचा तक्ता असतो, आणि आपला ऑफसेट त्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीतून तेवढेच मिलिव्होल्ट वजा करतो. ३.४ ची ओळ जड ताणात वाट्याला येतच नाही. ती येते हलक्या कामात: एक क्लिक, एक कोअर, क्षणभर ३.४ वर उडी. नेमकी तिथेच चिपची शिल्लक तुटपुंजी असली तर गेलं. खालच्या टोकालाही तसंच. मशीन रिकामं बसलेलं असताना व्होल्टेज ०.६५ च्या आसपास असेल तर त्यातून १०५ मिलिव्होल्ट म्हणजे १६ टक्के गेले. एका व्होल्टमधून तेच साडेदहा टक्के. मोठ्या डेस्कटॉपवर शिकलेल्या माणसाला हे सुचत नाही, कारण तिथे ताण दिला तरी वेग सहसा वरच राहतो. कमी वॅटच्या लॅपटॉपवर जड परीक्षा हीच सोपी परीक्षा आहे. हे वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर तो हंगाम सुखाचा गेला असता.

तर परीक्षा कशी घ्यायची? थ्रॉटलस्टॉपमधली ताण देणारी चाचणी, टीएस बेंच, उघडून थ्रेड एकच ठेवा. एफआयडीच्या (वेगाच्या गुणकाच्या) रकान्यात ३४ पर्यंत, म्हणजे ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत, आकडा जातो का ते बघा, जात नसेल तर बाकी प्रोग्राम बंद करा. मग दोन थ्रेड, मग चार. मग ताण काढून मशीन तसंच सोडा, झोपवा, उठवा, चार्जर काढा, लावा, ब्राउझर उघडा, झिप फाइल सोडवा. कंटाळवाणं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. सुरुवात उणे ५० पासून, पुढे दहा-दहाने. हँग होण्याआधी बऱ्याचदा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची) १९ नंबरची नोंद पडते, म्हणजे चूक झाली आणि प्रोसेसरने स्वतःच सावरली. ती दिसली की १५-२० मिलिव्होल्ट मागे या. व्यापाऱ्याचं मशीन शेवटी उणे ८० वर स्थिरावलं. तापमानात फरक जेमतेम.

घाबरून जाऊ नका. कमी व्होल्टेजने चिप जळत नाही; हँग झालं तर पॉवर बटण दाबून धरा, पुन्हा चालू करा. त्यासाठीच शिकताना एफआयव्हीआरच्या खिडकीत ‘डू नॉट सेव्ह व्होल्टेजेस’ निवडून ठेवायचं, म्हणजे रीस्टार्टनंतर जुनं व्होल्टेज परत येतं. सेव्ह करून फसलात तर सेफ मोडमध्ये जाऊन थ्रॉटलस्टॉपच्या फोल्डरमधली सेटिंग्जची आयएनआय फाइल उडवा. घाबरायचं असेल तर डेटासाठी घाबरा. फाइल लिहिली जात असताना मशीन गोठलं तर फाइल जाऊ शकते, आणि गिऱ्हाइकाला तुमच्या मिलिव्होल्टचं काही पडलेलं नसतं. बॅकअप घेतल्याशिवाय स्लायडरला हात नाही. यात मला कुणाचीच सबब चालत नाही.

शेवटचं, आणि हे खास आपल्याकडचं. थ्रॉटलस्टॉप आपोआप सुरू व्हावं म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये टास्क बनवतात. तिथे कंडिशन्सच्या पानावर ‘लॅपटॉप चार्जरवर असेल तरच सुरू कर’ ही खूण आधीपासून असते, आणि बॅटरीवर आला की थांबव ही दुसरी. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की लाईट जाते, गिऱ्हाईक बॅटरीवर मशीन चालू करतं, टास्क उठतच नाही, आणि फोन येतो की तुम्ही केलेलं गेलं. दोन्ही खुणा काढा. मग सेटिंग्जच्या पानावर जा, तिथे टास्क तीन दिवसांहून जास्त चालला तर थांबवण्याची खूण असते. जे लोक लॅपटॉप कधीच बंद करत नाहीत, नुसतं झाकण मिटतात, त्यांच्यासाठी तीही काढा. आणि मशीन परत देताना कागदावर मॉडेल, बायोसचं व्हर्जन आणि ठरलेला ऑफसेट लिहून बॅगेत टाका, एक प्रत स्वतःकडे ठेवा. पुढच्या वेळी ते दुसऱ्याच दुकानात गेलं तरी तिथल्या पोराला उणे ५० पासून सुरुवात करावी लागणार नाही.