पहिला चिनी पाळक कोण? स्थानिक पाळकांचा तक्ता असा मांडा

दापोली, रत्नागिरी किंवा वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या प्रोटेस्टंट मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, इतिहास लिहायला घेतला असेल, तर आधी चीनचा तक्ता भरून हात बसवावा. तिथे स्थानिक पाळक, म्हणजे मंडळी सांभाळणारे धर्मगुरू, कसे पुढे आले हे टप्प्याटप्प्याने दिसते.

सहा रकाने आखा: नाव, बाप्तिस्मा, मिशनच्या कामाची सुरुवात, दीक्षा (धर्मसेवेचा अधिकार देणारा विधी), कोणत्या मंडळीवर नेमणूक, पगार कोणाकडून. शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच इतिहास हातचा जातो.

आता लियांग फा यांची ओळ भरा. छपाईचे लाकडी ठसे कोरणारा हा कारागीर. बाप्तिस्मा 1816, मलाक्का, मिशनरी विल्यम मिल्न यांच्या हस्ते. 1819 मध्ये धर्मपुस्तिका छापली म्हणून अटक आणि फटके. 1823 मध्ये मिशनरी रॉबर्ट मॉरिसन यांनी सुवार्तिक (धर्मप्रचारक) म्हणून दीक्षा दिली. पगार लंडन मिशनरी सोसायटीचा. नेमणुकीचा रकाना मात्र कोराच ठेवा. ओढूनताणून भरू नका. ही दीक्षा निकडीतून आली: मॉरिसन रजेवर इंग्लंडला निघाले होते, ख्रिस्ती धर्मावर बादशाही बंदी होती आणि परक्यांना मकाव-कँटनपलीकडे राहता येत नव्हते. मागे काम चालवायला चिनी माणूसच हवा होता.

पुढची ओळ हो फुक-तोंग यांची: हाँगकाँग, दीक्षा 1846. त्यानंतर चीनचे शियामेन बंदर, म्हणजे जुन्या कागदांतले आमोय. 1863 मध्ये तिथल्या दोन मंडळ्यांनी आपापला पाळक निवडला, दोघांना दीक्षा मिळाली आणि पगार मंडळ्यांनीच उचलला. इथे सहाही रकाने भरतात. म्हणून ‘पहिला कोण’ याचे उत्तर देताना दीक्षा पाहिली की मंडळीचा पगार, हे स्पष्ट लिहा. ‘प्रोटेस्टंट’ हा शब्दही सोडू नका: कॅथलिक लुओ वेन्झाओ 1685 मध्येच बिशप झाले होते.

चूक बहुधा नावांत होते. हो फुक-तोंग, हो त्सुन-शीन आणि हे फुतांग ही एकच व्यक्ती. तीन ओळी झाल्या तर तक्ता फसला. तारखांचेही तसेच. जुन्या चिनी कागदांत साल बादशहाच्या राजवटीच्या वर्षाने लिहितात. दाओग्वांग बादशहाच्या वर्षात 1820 मिळवले की इसवी सन येतो, पण चांद्रवर्षाचे शेवटचे दिवस पुढच्या सनात जातात. आपल्याकडे शकात 78 मिळवताना पौषापासून जी काळजी घेतो, तीच इथे घ्यावी.

मग कोकणाकडे वळा. 1823 मध्येच स्कॉटिश मिशनचे काम बाणकोटला सुरू झाले. इथे कंपनीचे राज्य होते, मिशनरी गावात राहू शकत होते. मकावमधली निकड इथे नव्हती. मुंबईत नारायण शेषाद्री यांना दीक्षा मिळाली ती 1854 मध्ये. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत ‘पाळक’ शोधत बसू नका. मिशनच्या शाळांचे हिशेब उघडा. मिशनच्या पगारावरची स्थानिक नावे आधी तिथे, मास्तर म्हणून, सापडण्याचा संभव जास्त. बायबल स्त्रियांसाठी, म्हणजे मिशनचे काम करणाऱ्या स्थानिक स्त्रियांसाठी, वेगळा कागद ठेवा. दीक्षेच्या रकान्यात त्या येणार नाहीत, कामाच्या रकान्यात मात्र आल्याच पाहिजेत.

स्कॉटिश मिशनचे बरेच कागद एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. मंडळीचे बाप्तिस्मा रजिस्टर गावातच पाहायचे असेल तर पावसाळा टाळा. दमटपणाने चिकटलेली पाने नखाने सोडवू नयेत, शाई निघून येते. वही सावलीत, हवेशीर जागी सुकू द्या, उन्हात नको. आधी सुटी पाने फोटोत घ्या, आणि प्रत्येक फोटोत पान क्रमांक दिसेल असे पाहा.