कॉन्स्टन्स वूची मधली दहा वर्षं

अभिनय शिकायला अमेरिकेत यायचं ठरवलेली मराठी मुलं मला अधूनमधून फोन करतात. एकांकिका स्पर्धांत बक्षिसं मिळालेली असतात, घरचे कसेबसे राजी झालेले असतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: आपल्यासारख्या चेहऱ्याला तिथे काम मिळतं का? मी त्यांना अमेरिकन अभिनेत्री कॉन्स्टन्स वूची कारकीर्द नीट बघायला सांगते. तिचा 2018 चा 'क्रेझी रिच एशियन्स' हा सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला असतो. मला मात्र त्याच्या आधीचं दाखवायचं असतं.

तैवानहून आलेल्या आईवडिलांची ही मुलगी व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये जन्मली, लहानपणापासून तिथल्या हौशी नाटकांत काम करत आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पर्चेस कॉलेजातून तिने अभिनयाची पदवी घेतली, 2005 मध्ये. तिला नाव मिळवून देणारी 'फ्रेश ऑफ द बोट' ही मालिका सुरू झाली 2015 मध्ये. मधली दहा वर्षं म्हणजे छोटी नाटकं, चिमुकल्या भूमिका, हॉटेलात वेटरचं काम आणि पुढे न्यूयॉर्क सोडून लॉस एंजेलिस. रीतसर शिकलेल्या, गुणी मुलीला एवढा काळ लागला, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा.

त्या काळातलं रोजचं काम म्हणजे ऑडिशन. न्यूयॉर्कमध्ये रंगभूमी-कलाकारांच्या संघटनेच्या, म्हणजे इक्विटीच्या, खुल्या ऑडिशनला तेव्हा भल्या सकाळी जाऊन नाव नोंदवावं लागायचं. मग तासन् तास बसायचं आणि आत गेल्यावर हातात दोनेक मिनिटं. टेबलापलीकडची माणसं सकाळपासून ऐकून थकलेली असतात. तेव्हा स्वगत असं निवडा की पहिल्याच वाक्यात पात्राला समोरच्याकडून काहीतरी हवं आहे. आठवणी सांगणारी, हळूहळू चढत जाणारी स्वगतं स्पर्धेत टाळ्या घेतात. इथे ती चढायच्या आत वेळ संपते.

दुसरा मुद्दा उच्चारांचा. 'फ्रेश ऑफ द बोट'मध्ये वूने केलेली जेसिका ही खऱ्या बाईवर बेतलेली आई, तिचं इंग्रजी परक्या वळणाचं. वूचं स्वतःचं इंग्रजी अस्सल अमेरिकन. तिने तो उच्चार त्या माणसाचा म्हणून घेतला. हसू येतं ते जेसिकाच्या हट्टामुळे, हिशेबीपणामुळे. भारतीय उच्चारांची भूमिका तुमच्याकडे येणारच. ती नाकारायलाच हवी असं मला वाटत नाही. संहितेतून उच्चार वजा करून बघा, खाली माणूस उरतो का ते तपासा आणि मग ठरवा.

'क्रेझी रिच एशियन्स'च्या तारखा मालिकेच्या चित्रीकरणाशी जुळत नव्हत्या, भूमिका हातची जात होती. तिने दिग्दर्शक जॉन चू यांना मनापासून ईमेल लिहिला आणि त्यांनी चित्रीकरण काही महिने पुढे ढकललं. आपल्याकडे असं मागायला संकोच वाटतो. संकोच सोडा, नीट शब्दांत मागा.

एक फरक मात्र कायम ध्यानात असू द्या. वू अमेरिकेची नागरिक आहे. तुम्ही विद्यार्थी व्हिसावर असाल. पदवीनंतर तुम्हाला ओपीटीचं, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष मिळतं. इंजिनिअरिंगवाल्या मित्रांना मिळते ती वाढीव मुदत अभिनयाच्या पदवीला नाही. पुढे ओ-1, म्हणजे असाधारण गुणवत्तेच्या कलाकारांना मिळणाऱ्या, व्हिसासाठी लागणारी परीक्षणं, पुरस्कार, शिफारसपत्रं पहिल्या वर्षापासून जमवा. पुण्या-मुंबईतल्या प्रयोगांची मराठी परीक्षणंही चालतात, इंग्रजी भाषांतर जोडायचं.

आणि आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. नाव झाल्यावरही, 2023 मध्ये, वू ऑफ-ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या लहान व्यावसायिक नाट्यगृहांतल्या, 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' या संगीतिकेत ऑड्रे म्हणून गात उभी राहिली. तिथे आठवड्याला आठ प्रयोग असतात, शनिवार-रविवारी दिवसात दोन. कॉलेजात गाण्याचा आणि आवाज-साधनेचा वर्ग ऐच्छिक असेल तरी घ्याच. पुढे खासगी शिकवणी फार महाग पडते.