पिल्लं बाहेर हलवण्याआधी

कोंबडीची पिल्लं सहा आठवड्यांची झाली की घरातून बाहेर खुराड्यात काढायची, असं सरसकट सांगितलं जातं. आकडा चुकीचा नाही, पण शेवटी तो अंदाजच. खरं बघायचं ते अंगावरची पिसं आणि बाहेरची रात्र. पंख आणि शेपूट लवकर भरतात, त्यामुळे वरवर पाहता पिल्लू मोठं झाल्यासारखं वाटतं. ते हातात घ्या आणि छातीवर हलकी फुंकर मारा. खाली पिसं न दिसता नुसती लवच उडाली, तर अजून वेळ आहे.

उबेचा हिशेब आधीपासून उतरता हवा. पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या पेटीत, ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत जायचं. म्हणजे सहाव्या आठवड्यापर्यंत ती २० अंशांच्या आसपास येते. हलवण्याआधीच्या आठवड्यात उबेचा दिवा आधी दिवसा बंद करा, मग रात्रीही. दिव्याविना काही रात्री घरातच निवांत काढता आल्या, तर निम्मं काम झालं. रात्री कर्कश चिवचिव चालू असेल, सगळी एकमेकांवर चढत असतील, तर थंडी वाजते आहे. बाहेर घरातल्यापेक्षा बराच गारठा पडत असेल तर सरळ आठवडाभर थांबा. खुराड्यात दिवा लावायचा पर्याय असतो, पण कोरडा भुसा आणि तापलेला दिवा ही जोडी मला कधीच आवडलेली नाही. लावायचाच तर साखळीने पक्का टांगा, नुसत्या वायरीवर लोंबकळत ठेवू नका.

दरम्यान, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, ऊन असेल आणि वारा नसेल तेव्हा पिल्लांना तासाभरासाठी जाळीच्या पिंजऱ्यात बाहेर ठेवत जा. अर्धी जागा सावलीत हवी, कारण उन्हाचा त्रासही होतो. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागली की लगेच आत घ्या. गवत-माती चोचीत जायला लागली की थोडी बारीक दगडी कच वेगळ्या भांड्यात ठेवा. दात नसलेल्या प्राण्याला दळायला काहीतरी हवंच.

आता खुराडं. खर्च करायचा तर इथे करा, आणि तोही जाळीवर. षट्कोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, आणि उंदीर, लहान साप तर भोकातूनच आत येतात. सुमारे १२ मिलिमीटर भोकांची जाड, वेल्ड केलेली जाळी घ्या. खाली उकरून कोणी आत शिरू नये म्हणून ती फूटभर जमिनीत पुरा किंवा भिंतीलगत बाहेरच्या बाजूला आडवी अंथरा. वरूनही जाळी हवी, घारी-कावळ्यांसाठी. मग संध्याकाळी आत दिवा ठेवून बाहेरून फेरी मारा. जिथून उजेड फटीतून येतो, ती जागा बुजवायची. फक्त हवेच्या खिडक्या बुजवू नका. त्या पिल्लांच्या डोक्याच्या वर असाव्यात, म्हणजे दमट हवा निघून जाते आणि झोत अंगावर येत नाही. खाली दोन-तीन इंच कोरडं तूस किंवा भुसा पसरा. ओल ही थंडीपेक्षा वाईट. कोपऱ्यांत पुठ्ठे वाकवून लावा. घाबरलेली पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात आणि तळाची गुदमरतात.

खाद्य मात्र बदलू नका. जागा आणि खाद्य एकाच दिवशी बदललं आणि पिल्लं मलूल झाली, तर कारण कळणार नाही. ओळखीचीच भांडी आणि तेच स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं, खाद्य न्या. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य त्यांच्या तोंडी लागू देऊ नका. त्यातलं जादा कॅल्शियम वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधतं.

हलवायचं ते सकाळी, म्हणजे अंधार पडेपर्यंत जागा पाहून होते. पहिले तीन-चार दिवस खुराड्यातच कोंडून ठेवा, म्हणजे घर कुठलं ते डोक्यात बसतं. नंतर मोकळं सोडल्यावर संध्याकाळी बाहेरच गोळा होऊन बसली, तर उचलून आत ठेवा. काही संध्याकाळी हे करावं लागतं. मोठ्या कोंबड्या असतील तर मध्ये जाळी ठेवून आठवडा-दोन आठवडे नुसतं एकमेकांना बघू द्या. एकत्र केल्यावर खाद्याची भांडी दोन जागी ठेवा, नाहीतर टोचून टोचून पिल्लांना उपाशी ठेवतील.

सकाळी दार उघडल्यावर आधी विष्ठा पाहायची. नवीन जमिनीवर गेल्यानंतर रक्ती हगवणीचा धोका वाढतो, विशेषतः भुसा ओला असेल तर. पिसं फुगवून, पंख पाडून, कुबड काढून एकटं बसलेलं पिल्लू किंवा विष्ठेत रक्त दिसलं, तर ते वेगळं करा, ओला भुसा काढून टाका आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठा. सगळ्यांच्या पाण्यातून औषध द्यायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या.