संस्थेचा ऑनलाइन कोर्स काढताय? या चुका टाळा

"ताई, कोर्स तयार आहे, पण बायका बघतच नाहीत." नाशिक जिल्ह्यातल्या संस्थांकडून हा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. बालवाडीताईंचं प्रशिक्षण असो, बचत गटाचे हिशेब असोत, कुपोषणावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची उजळणी असो, दुखणं तेच. प्लॅटफॉर्म कुठला घेतला हे मी आधी विचारतच नाही. मी विचारते, फोन कुणाचा आहे? त्यावर उत्तर येतं, "घरोघरी स्मार्टफोन आहेत हो आता."

घरात आहेत, हे खरं. पण ती बाई शिकायला बसेल तेव्हा तो तिच्या हातात असतो का, हे कार्यालयात बसून कळत नाही. कोर्स बनवायला घेण्याआधी दोन दिवस गावात जा, एवढं सांगितलं तरी लोकांना उशीर होतो. ३१ मार्चच्या आत अहवाल द्यायचा असतो ना. त्या घाईतून पुढच्या बहुतेक चुका निघतात.

एक नंबर म्हणजे एक शिकणारी, असं धरणं

सुरगाणा तालुक्यातल्या बचत गटांच्या सचिवांसाठी एका संस्थेनं हिशेबाचा कोर्स काढला होता. यादीत ९६ बायका, पण मोबाइल नंबर ६१. एकाच घरातल्या दोन जावा वेगवेगळ्या गटांच्या सचिव होत्या, कुठे सासू-सून होत्या. प्रणाली एका नंबरावर एकच खातं देत होती आणि लॉगिनला ओटीपी मागत होती. कार्यालयातल्या मुलानं घाईघाईत पहिल्या बाईचं खातं उघडलं आणि दुसरीसाठी नंबरातला शेवटचा आकडा बदलून टाकला. त्या दुसरीला ओटीपी कधी येणारच नव्हता.

ज्यांचे नंबर खरे होते, त्यांचीही तऱ्हा फार वेगळी नव्हती. द्राक्षांच्या कामाला नवरा निफाड-दिंडोरीकडे गेलेला आणि फोन त्याच्या खिशात. इकडे ऑनलाइन सत्र दुपारी दोन वाजता. तीन आठवड्यांनी तक्ता निघाला, त्यात निम्म्याहून जास्त बायका गळालेल्या. बैठकीत निष्कर्ष निघाला, "बायकांना रस नाही."

मी पाड्यावर गेले. एका बाईनं आतून वही आणून दाखवली. जावेच्या फोनवर, जावेच्या शेजारी बसून तिनं सगळे धडे ऐकले होते. प्रत्येक धड्याचा सराव वहीत केलेला. जमा, नावे, शिल्लक, सगळं रेघा मारून. कोर्सच्या नोंदीत ती शून्य टक्के होती. रस नाही म्हणून जिला यादीतून काढायला निघालो होतो, तिचा हिशेब कार्यालयातल्या नमुन्यापेक्षा स्वच्छ होता. तो दिवस मी विसरलेले नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी. आधी कागद. पाच रकाने: नाव, फोन कुणाचा, हातात कधी असतो, आणखी कोण वापरतं, रिचार्ज कधी संपतो. हा तक्ता भरल्याशिवाय मी कोर्सला हात लावत नाही. लॉगिन मोबाइल नंबरावर ठेवत नाही. गावाचं छोटं नाव आणि पुढे आकडा, एवढंच. ते कार्डावर छापून हातात देते. मूडल, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायचं मोफत सॉफ्टवेअर, ईमेल मागतं, पण एकच ईमेल अनेक खात्यांना चालू देण्याची सेटिंग त्यात आहे. ती सुरू करा, कारण गावातल्या फोनवरचं जीमेल खातं बहुतेक वेळा मोबाइलवाल्यानं उघडून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नसतो. आणि दोघी-तिघींनी एका फोनवर बसून शिकलं तर ते शिकणंच आहे. गटप्रमुखानं हजेरी लिहावी, आपण ती नोंदीत भरावी.

माणूस काढून टाकणं

ऑनलाइन म्हणजे फेऱ्या वाचल्या, गाडीभाडं वाचलं, असा हिशेब करणाऱ्यांशी माझं जमत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं आणि त्याचं मुख्यालय आपल्याच नाशकात, गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. पण घरोघरी पुस्तकं पाठवून ते थांबलं नाही. अभ्यासकेंद्रं उभी केली, संपर्कसत्रं ठेवली. दूरशिक्षणाला जवळचं माणूस लागतं, हे आपल्या गावात इतकी वर्षं डोळ्यांसमोर आहे.

हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसचा आढावा २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकात आला होता. त्यात २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच कोर्स पूर्ण केला होता. एवढी मोठी विद्यापीठं, पण शिकणारा एकटा पडला की हे होतं. म्हणून आठवड्यातला एक वार आणि एक ओटा ठरवा. तिथे एक ताई बसेल, तिचं मानधन अंदाजपत्रकात आधी धरा, कॅमेऱ्याचे पैसे नंतर.

सभागृहातलं भाषण उचलून चढवणं

चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, कॅमेऱ्यातून निघाला तसाच, सेकंदाला ५ मेगाबिट दरानं. गुणाकार करा: दीड जीबी. रोज दीड जीबीचा पॅक असलेल्या घरात एका भाषणानं अख्ख्या घराचा दिवसाचा डेटा संपतो. संध्याकाळी मुलाचा फोन चालत नाही आणि दुसऱ्या दिवसापासून आईला फोन मिळत नाही. तोच मजकूर सहा-सहा मिनिटांचे तुकडे करून सेकंदाला ४०० किलोबिटवर आणला तर एक तुकडा १८ एमबीत बसतो. नुसता आवाज ३२ किलोबिटवर ठेवला तर सहा मिनिटांना दीड एमबी सुद्धा लागत नाही. हिशेबाचा धडा सोडला तर कितीतरी गोष्टींना चित्राची गरजच नसते. चूल पेटवता पेटवता ऐकता येतं.

प्रत्येक फाइल चढवण्याआधी मी ती सहा-सात हजारांच्या जुन्या फोनवर, वायफाय बंद करून उघडते. रेंजच नाही अशा पाड्यांसाठी मूडलचं अ‍ॅप धडे उतरवून ठेवू देतं; ओट्यावर एक छोटा संगणक ठेवून कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालवता येतं.

हंगाम न बघता वेळापत्रक

जुलैत इगतपुरी-पेठकडे भाताची आवणी, ऑक्टोबरात द्राक्षांची छाटणी, डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. मधल्या फटी शोधा. सापडतात.

भाषा

सुरगाणा-पेठकडे कोकणा, कळवण-बागलाणकडे अहिराणी. पुस्तकी मराठीतला निवेदक सगळ्यांना कळतो असं समजू नका. तिथल्याच ताईकडून बोलून घ्या; घरात रेकॉर्ड झाला, मागे कोंबडा आरवला तरी चालेल. बाहेरचा व्हिडिओ घेऊन त्यावर आवाज चढवणार असाल तर आधी परवाना बघा. क्रिएटिव्ह कॉमन्स हा मजकूर मोकळेपणानं वाटू देणारा परवाना, पण त्यात 'एनडी' (बदल करायला मनाई) असेल तर भाषांतर करून वाटता येत नाही.

प्रमाणपत्रावरचं नाव

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण याला लोक किरकोळ समजतात.

बालवाडीताईंच्या एका कोर्सचा समारोप होता. साठ-एक जणी, काही जणी पहाटेच्या एसटीनं आलेल्या. प्रमाणपत्रं आदल्या रात्री प्रणालीतून एका बटणावर निघाली आणि सकाळी रंगीत छापून आली. वाटायला सुरुवात झाली तेव्हा दिसलं की 'निर्मला'मधली वेलांटी न सोडून भलतीकडे पडली आहे आणि रफार सुटून र आणि म वेगवेगळे झाले आहेत. 'कविता'ची तीच गत. जोडाक्षर किंवा पहिली वेलांटी असलेलं एकही नाव धड नव्हतं. एक ताई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हे माझं नाही." त्यांना वाटलं, दुसऱ्या कुणाचं हातात आलं. आयुष्यातलं पहिलं प्रमाणपत्र होतं ते त्यांचं.

कारण साधं आहे. पीडीएफ बनवणाऱ्या काही सॉफ्टवेअर लायब्ऱ्यांना (प्रणालीत वापरलेल्या तयार कोडला) देवनागरीची जुळणी करता येत नाही. त्या अक्षरं साठवलेल्या क्रमानं एकापुढे एक मांडत जातात. पडद्यावर नाव बरोबर दिसतं, कारण तिथे जुळणी ब्राउझर करतो. मी आता लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मेल मर्ज करून, म्हणजे यादीतली नावं एका नमुन्यात आपोआप भरून, प्रमाणपत्रं काढते. वेळ लागतो, लागू दे. छपाईआधी यादी गटात टाकून प्रत्येकीला स्वतःचं नाव तपासायला सांगते. आडनाव माहेरचं हवं की सासरचं, तेही तीच सांगते.

उरलेल्या, पण नेहमीच्या

श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवू नका, आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणा. नावांची यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत (नुसत्या मजकुराच्या फाइलमध्ये) साठवली की मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात, साठवताना यूटीएफ-८ हा प्रकार निवडा. मूडलचा बॅकअप म्हणजे नुसता डेटाबेस नव्हे, चढवलेल्या फाइली असतात ते मूडलडेटा फोल्डरही हवं, आणि वर्षातून एकदा तो दुसरीकडे उभा करून बघा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, एखाद्या स्वयंसेवकाच्या खासगी ईमेलवर घेऊ नका. तो पुण्याला नोकरीला लागला की नूतनीकरणाची सूचना तुम्हाला मिळत नाही. मुलांचा कोर्स असेल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. ती घ्या, आणि फोटो टाकण्याआधी परत विचारा.

हिरवी खूण मोजणं

धडा संपला की समोर 'पूर्ण' अशी हिरवी खूण येते. किती खुणा झाल्या हा आकडा अहवालात छान दिसतो, पण तुमची संस्था खुणांसाठी स्थापन झालेली नाही. हिशेबाच्या कोर्सनंतर मी तीन महिन्यांनी गटाची खरी वही बघते: शिल्लक जुळते का, बँकेच्या पासबुकाशी मेळ बसतो का, सचिव आजारी पडली तर दुसरीला लिहिता येतं का. दहा गटांच्या वह्या बघायला दोन दिवस लागतात. देणगीदारापुढे हेच मांडा. ज्याला हे ऐकायचं नाही, त्याच्यासाठी कोर्स वाकवू नका.

"लॉगिन होत नाही" असा फोन आला तर

आधी फोनवरची तारीख विचारा. बॅटरी पूर्ण उतरून तारीख चुकलेली असेल तर साइट उघडतच नाही. मग पासवर्डचं पहिलं अक्षर; कीबोर्ड ते आपोआप मोठं करतो. म्हणून मी पासवर्ड फक्त आकड्यांचा देते. मग फोनमधली जागा. शुभ सकाळच्या चित्रांनी ती भरलेली असते. या तिन्हींत दहातले आठ फोन मिटतात.

आणि मदतीचा नंबर कार्यालयीन वेळेत चालू ठेवून उपयोग नाही. मी माझा संध्याकाळी सात ते साडेआठ मोकळा ठेवते. मळ्यातून फोन घरी येतो तो तेव्हा.