खंडेनवमीआधी: तीन पावसाळे उभी राहिलेली एटीव्ही चालू करण्याची तयारी

पितृपक्ष संपत आला की नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षाच्या गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, लगबग सुरू होते आणि शेडमधली एकेक वस्तू उजेडात येते. आमच्या मळ्यात यंदा एटीव्ही, म्हणजे शेतात-बांधावर चालणारी उघडी चारचाकी, बाहेर काढली. वडील तिच्यावर बसून कादवा नदीकाठच्या लांबच्या प्लॉटवर जायचे. त्यांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा गाडी शेडच्या कोपऱ्यात लागली आणि बघता बघता तीन पावसाळे उलटले. खंडेनवमीला तिला झेंडूचा हार घालायचा, पण चालू गाडीला, असं मी ठरवलं. त्यासाठी केलेली तयारी केली त्याच क्रमाने इथे मांडतो. तुमच्याकडे कार्बोरेटरची, हवेवर थंड होणारी, साधी एकसिलिंडर गाडी असेल तर जवळपास सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

पहिलं काम म्हणजे चावी काढून खिशात ठेवणं. नवी बॅटरी लावून एकदा सेल्फ मारून बघू, हा मोह प्रत्येकाला होतो, आणि तिथेच नुकसान होतं. सिलिंडर कोरडा पडलेला असतो, टाकीतलं कुजकं पेट्रोल कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीत, ओढलं जातं, आणि चुकून इंजिन लागलंच तर ब्रेक नसलेली गाडी आपल्या हातात असते. काही वर्षांपूर्वी हीच गाडी एक पावसाळा उभी राहिली होती. चुलतभावाने उत्साहाने चालू केली, रेसची केबल गंजून अडकली आणि गाडी सरळ द्राक्षाच्या ओळीत घुसली. मंडपाची तार तुटली, अँगल वाकला आणि त्याचा खांदा निखळला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी थांबणं, मग वळणं, आणि सगळ्यात शेवटी चालणं.

गाडी ढकलत उजेडात, सपाट आणि पक्क्या जागेवर आणा. शेडमध्ये हात घालण्याआधी काठीने सगळीकडे ठोका. उंदीर असतात तिथे त्यांच्या मागावर साप येतोच, आणि सीटखाली गांधीलमाश्यांचं पोळं सापडणं अगदी नेहमीचं आहे. हातमोजे आणि मास्क घाला. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी पाण्यात थोडं जंतुनाशक घालून फवारा आणि मग पुसा. काहीही खोलण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. कुठली नळी कुठे जाते हे तीन दिवसांनी अजिबात आठवत नाही.

उंदरांचा शोध मन लावून घ्या. एअर फिल्टरचा डबा ही त्यांची सगळ्यात आवडती जागा. आमच्या डब्यात मक्याची बुरकुंडं, पोत्याचे धागे आणि कुरतडलेला स्पंज निघाला. फिल्टरचा फोम बोटाने दाबला आणि चुरा झाला, तर तो धुऊन वापरायचा नाही, नवाच घ्यायचा. सायलेन्सरचं तोंड, बेल्टच्या डब्याची हवेची नळी, सीटखालची वायरिंग, सगळीकडे बॅटरीने पाहा. सायलेन्सरजवळ राहिलेलं घरटं इंजिन तापल्यावर पेट घेतं, म्हणून चालू करायच्या दिवशी वाळूची बादली आणि जमलं तर अग्निशामक जवळ असायलाच हवं. कुरतडलेल्या वायरवर नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. तेवढा तुकडा कापून, डाग देऊन, वर स्लीव्ह चढवा.

द्राक्षवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. गाडी ज्या शेडमध्ये उभी होती तिथेच गंधकाच्या गोण्या आणि मोरचूद ठेवलेलं असेल तर धातूची तपासणी दुप्पट काळजीने करा. गंधकाने तांब्याची टर्मिनलं काळी पडतात आणि त्यांतून करंट जात नाही. मोरचूद तर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं. बोर्डो मिश्रण आपण लोखंडी टाकीत करत नाही, ते याच कारणाने. आमच्या गाडीचं निम्मं दुखणं या एका चुकीतून आलेलं होतं. प्रत्येक कनेक्टर सोडवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, घासा, परत बसवा. फ्यूज काढून दोन्ही पाय चकचकीत करा.

आता ब्रेक. गाडीवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, त्याच ग्रेडचं ऑइल आणा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून न वापरताही दोन वर्षांत बदलायचं असतं. आमचं चहाच्या रंगाचं झालं होतं. जुनं पूर्ण काढा, नवं भरा आणि एअर काढा: एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाजवळचा एअर काढायचा निपल सैल करून घट्ट करायचा, त्यानंतरच लिव्हर सोडायचा. हे ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलतो. चाक उचलून हाताने फिरवा. फिरता फिरता अडत असेल तर कॅलिपरचा, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन जाम आहे. पॅडचं अस्तर १ मिलिमीटरवर आलं असेल तर बदला. शेवटी दोघांनी गाडी ढकलायची आणि तिसऱ्याने लिव्हर ओढायचा. चाकं जागच्या जागी थांबली पाहिजेत.

त्यानंतर रेस. अंगठ्याने खटका पूर्ण दाबा आणि सोडा. टक्कन आवाज करत तो मागे आला पाहिजे, तेही हँडल पूर्ण डावीकडे असताना, उजवीकडे असताना आणि सरळ असताना. जरा जरी रेंगाळला तर केबल काढा, तेल सोडा, तारेचा एखादा पदर जरी तुटलेला दिसला तरी नवी टाका. इथे पैसे वाचवू नका. किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, मल्टिमीटरने तपासा. तो चिकटलेला असेल तर स्पार्क येणार नाही आणि तुम्ही दोन दिवस कार्बोरेटरला दोष देत बसाल.

हँडल आणि चाकांना थोडा वेळ पुरतो. चाक वरून आणि खालून धरून हलवा, खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. रबरी बूट फाटले असतील तर आत माती गेलीच आहे असं धरा. काळी माती एकदा आत जाऊन सुकली की ग्रीससकट दगड होते. टायरच्या भेगांत नख जात असेल तर टायर निघाला. बाभळीचे काटे उपटण्याआधी त्यांच्यावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर पंक्चर काढण्याची तयारी ठेवूनच काटा उपटा. हवेच्या बाबतीत लोक फार चुकतात. एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण ३ ते ७ पीएसआय एवढीच हवा असते, नेमका आकडा मडगार्डच्या स्टिकरवर सापडतो. पंपावरचा गेज ३० पीएसआयच्या गाड्यांसाठी असतो, तो इथे काही कामाचा नाही. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या आणि हवा पायपंपाने भरा.

बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. काही तास नुसती ठेवून मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त म्हणजे भरलेली. १०.५ च्या खाली असेल तर बहुतेक वेळा एखादा सेल गेलेला असतो. चार्जिंग सावकाश करायचं: ९ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला साधारण ०.९ ॲम्पिअर, उघड्यावर, कारण चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. तीन वर्षं उपाशी राहिलेली बॅटरी आमच्याकडे तरी उठली नाही. नवी आणली आणि जुनी दुकानात परत दिली.

यापुढचा क्रम लक्षात ठेवा: इंजिनाचं काम पेट्रोल भरण्याआधी करायचं. ऑइलची डिपस्टिक काढून पाहा. ऑइल ताकासारखं दिसलं तर आत पाणी शिरलं आहे. कसंही दिसलं तरी बदलायचं आहेच. पहिल्या भरतीला योग्य ग्रेडचं साधं ऑइल चालतं, कारण तासाभराच्या चालण्यानंतर ते परत काढायचं आहे. स्पार्क प्लगच्या आजूबाजूची माती फुंकून घ्या, मग प्लग काढा आणि भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा. रात्रभर राहू द्या. सकाळी किकने किंवा दोरीच्या स्टार्टरने इंजिन हलकेच फिरवा. गिअरच्या गाडीत वरच्या गिअरमध्ये मागचं चाक फिरवलं तरी चालतं, बेल्टच्या, म्हणजे बिनगिअरच्या, गाडीत चाकावरून इंजिन फिरत नाही. अडलं तर जोर करू नका, आणखी ऑइल आणि आणखी एक दिवस द्या. आमचं दुसऱ्या सकाळी फिरलं, आणि प्लगच्या भोकावर ठेवलेल्या अंगठ्याला दाब जाणवला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

प्लग नवाच घ्या, त्याची किंमत ती काय. तो कॅपमध्ये बसवून इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, भोकापासून लांब, भोकावर फडकं. दोन सेकंद सेल्फ. निळी ठिणगी दिसली की इलेक्ट्रिकचं काम झालं.

आता पेट्रोल. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे. उभं राहिलेलं पेट्रोल काही महिन्यांतच बिघडतं. त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो आणि मागे राहतो तो डिंकासारखा थर, जो जेटची भोकं बुजवतो. शिवाय आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा धरतं, आणि पाणी बऱ्यापैकी साठलं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात. टाकीखालच्या पेट्रोल कॉकची नळी नेमकी तिथूनच ओढते. म्हणून जुन्यात थोडं नवं टाकून काम भागत नाही. कॉक बंद करा, टाकी पूर्ण उपसा, जुनं पेट्रोल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा. चारीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, त्याचा घोट शेवटी आपल्याच पाण्यात येतो. जळकं ऑइल ज्या गॅरेजवाल्याकडून उचललं जातं, त्यालाच या पेट्रोलचं विचारा.

टाकीत बॅटरीचा उजेड पाडा. गंज दिसला तर टाकी काढून लिंबूसत्वाच्या पाण्याने भरून रात्रभर ठेवा, हलवा, ओता, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि उन्हात अगदी कोरडी करा. रबरी नळ्या वाकवून पाहा. भेग दिसली किंवा हाताला चिकट लागल्या तर सगळ्या बदला, सोबत पेट्रोल फिल्टरही.

कार्बोरेटर नुसता बाहेरून फवारून साफ होत नाही. खालची वाटी उघडा. आमच्या वाटीत हिरवट मेणासारखा गाळ होता. मुख्य जेट आणि छोटा पायलट जेट काढून उजेडात धरा, आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. पायलटचं भोक केसाएवढं असतं, आणि आयडलिंगला गाडी बंद पडते ती बहुतेक त्याच्यामुळेच. कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा. अडलंच तर वायरमधला तांब्याचा एक पातळ पदर वापरा, सुई किंवा पोलादी तार कधीच नाही, भोक मोठं होतं. हवेच्या स्क्रूचे आटे मोजून, कागदावर लिहून, मगच सोडवा. इंजिन आणि कार्बोरेटरमधल्या रबरी जोडाला भेग असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि इंजिन तापतं, तोही तपासा.

सामानाची एकच खेप करा. बेअरिंग आणि ऑइल सील यांच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो लिहून घेतला की नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या दुकानांत नंबरवरून जोडी मिळते, गाडीची कंपनी सांगावी लागत नाही. बेल्ट आणि कार्बोरेटरचं किट मात्र मॉडेलप्रमाणेच घ्यावं लागतं आणि बहुतेक मागवावं लागतं. ती ऑर्डर पहिल्याच दिवशी द्या.

चालू करायचा दिवस. गाडी उघड्यावर, बंद शेडमध्ये कधीही नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. मागची चाकं उचलून पक्क्या स्टँडवर, गिअर न्यूट्रलला, पार्किंग ब्रेक ओढलेला, एकाचा हात किल स्विचवर. एक लिटर ताजं पेट्रोल पुरे. चोक ओढा आणि पाच सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट विश्रांती, परत पाच सेकंद. सकाळच्या गारठ्यात चोक थोडा जास्त वेळ ठेवावा लागतो. आमची चौथ्या खेपेला लागली. पहिली काही मिनिटं निळा धूर येईल, ते आपणच टाकलेलं ऑइल जळतं आहे. धूर थांबत नसेल किंवा टकटक येत असेल तर बंद करा. रेस देऊन इंजिन पेटवत बसू नका. दहा मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, गळती पाहा, परत चालवा. त्यानंतर गरम असतानाच ऑइल काढा.

पहिली फेरी हेल्मेट घालून, एकट्याने, सपाट बांधावर, चालत्या माणसाच्या वेगाने. मोठ्या इंजिनाच्या एटीव्हीवर १६ वर्षांखालच्या मुलांना बसवू नका, घरातली पोरं कितीही मागे लागली तरी. आणि मळ्यातून गिरणारे रोडवर सहज एक चक्कर, असंही नको. यांतल्या बहुतेक गाड्यांची आरटीओत नोंदणी होत नाही, त्यांची जागा खासगी जमिनीवर.

फेरीनंतर चाकांचे नट परत आवळा आणि रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरून ठेवा. आमच्या पुठ्ठ्यावर सकाळी इंजिनखाली काही नव्हतं, मागच्या एक्सलखाली मात्र एक काळा थेंब होता. सील बाहेर काढलं, पुसलं आणि त्याचा नंबर वडिलांनी चष्मा लावून मला वाचून दाखवला.