ब्रिटनमध्ये सत्ताधारी पक्ष पोटनिवडणूक हरतो, तेव्हा निकाल कसा वाचावा

ब्रिटिश संसदेच्या पोटनिवडणुकीत सत्ताधाऱ्यांनी जागा गमावली की दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत 'राजकीय भूकंप' हे शब्द हमखास येतात. मात्र किती मतदारांनी खरोखर पक्ष बदलला आणि किती जण घरीच बसले, हे त्या शब्दांतून कळत नाही. ते कळावे म्हणून मागच्या सार्वत्रिक निवडणुकीचे आकडे शेजारी ठेवून निकाल वाचावा.

प्रथम जागा का रिकामी झाली ते पाहावे. १६ डिसेंबर २०२१ रोजी इंग्लंडमधील नॉर्थ श्रॉपशायर मतदारसंघात मतदान झाले, कारण तेव्हा सत्तेवर असलेल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे तेथील खासदार ओवेन पॅटरसन यांनी पैसे घेऊन खासगी कंपन्यांसाठी सरकारदरबारी रदबदली केल्याचे संसदेच्या आचारसंहिता समितीने ठरवले होते. त्यांना वाचवण्याचा सरकारचा प्रयत्न अंगलट आला आणि त्यांनी खासदारकी सोडली. मृत्यूमुळे रिकामी झालेली जागा आणि अशा प्रकरणातून रिकामी झालेली जागा एका मापाने मोजू नये. पोटनिवडणूक किती दिवसांत घ्यावी याचे बंधन तेथील कायद्यात नाही आणि ती घेण्याचा प्रस्ताव प्रथेप्रमाणे ज्या पक्षाची जागा होती त्याचाच मुख्य प्रतोद मांडतो, त्यामुळे मतदानाची तारीख कोणी निवडली याचीही नोंद घ्यावी.

त्यानंतर टक्केवारीकडे वळण्याआधी प्रत्यक्ष मते कागदावर मांडावीत, कारण माझ्या मते सर्वांत जास्त माहिती येथेच मिळते. नॉर्थ श्रॉपशायरमध्ये हुजूर पक्षाला २०१९ मध्ये ३५,४४४ मते होती, ती १२,०३२ वर आली. म्हणजे २३ हजारांहून अधिक मते गेली. विजयी झालेल्या लिबरल डेमोक्रॅट हेलन मॉर्गन यांची मते ५,६४३ वरून १७,९५७ झाली, म्हणजे वाढ सुमारे १२ हजारांची. याच काळात मजूर पक्ष १२,४९५ वरून ३,६८६ वर घसरला. मतदान गुप्त असल्याने कोणाचे मत कोठे गेले हे सांगता येत नाही. तरीही मतदान सुमारे ६८ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आले, हे लक्षात घेता हुजूर पक्षाचे पुष्कळ मतदार मतदान केंद्रापर्यंत आलेच नाहीत आणि मजूर पक्षाच्या अनेकांनी सत्ताधाऱ्यांना पाडू शकेल अशा उमेदवाराला मत दिले, असा अंदाज बांधता येतो. २२,९४९ चे जुने मताधिक्य मजूर पक्षावरचे होते, लिबरल डेमोक्रॅट तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर होते, हेही विसरू नये.

यानंतर 'स्विंग' काढावा. हरलेल्या पक्षाच्या मतांचा वाटा जितक्या टक्क्यांनी घटला आणि जिंकलेल्याचा जितक्यांनी वाढला, त्यांच्या बेरजेचे निम्मे करावे. येथे घट ३१.१ आणि वाढ ३७.२, म्हणून स्विंग सुमारे ३४ टक्के. या आकड्यावरून चौतीस टक्के मतदारांनी पक्ष बदलला असे समजणे चूक आहे. दोन पक्षांतले अंतर किती सरकले एवढेच तो सांगतो.

हीच रीत १ मे २०२५ च्या रनकॉर्न अँड हेल्सबी मतदारसंघातील निकालाला लावावी, जेथे सत्ताधारी मजूर पक्ष उजव्या विचारांच्या रिफॉर्म यूके पक्षाकडून १२,६३९ विरुद्ध १२,६४५ असा अवघ्या सहा मतांनी, फेरमोजणीनंतर हरला. रिफॉर्मची मते २०२४ च्या तुलनेत सुमारे पाच हजारांनी वाढली, मजूर पक्षाची ९,७१९ ने घटली. राहण्याचा रीतसर परवाना असलेल्या भारतीय नागरिकांनाही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तेथे संसदेसाठी मत देता येते. तेथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी मतदारयादीत आपले नाव आहे ना, ते अवश्य पाहावे.

शेवटी तीच जागा पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत पुन्हा पाहावी. इंग्लंडमधील क्राइस्टचर्च १९९३ च्या पोटनिवडणुकीत लिबरल डेमोक्रॅटांनी सुमारे ३५ टक्के स्विंगने घेतले, पण १९९७ मध्ये देशभर दारुण पराभव होत असतानाही हुजूर पक्षाने ते परत मिळवले. नॉर्थ श्रॉपशायर मात्र हेलन मॉर्गन यांनी २०२४ मध्येही राखले.