अख्खी मेट्रो भाड्याने घेताय? इंदूरकर रेल्वेप्रेमींनो, या चुका टाळा

शिकागोच्या पुलावरून धावणाऱ्या 'एल' गाड्या रेल्वेप्रेमी मंडळी भाड्याने घेतात, हव्या त्या स्थानकावर उतरून फोटो काढतात आणि पुन्हा चढून पुढे जातात. 1923 सालचे 4271 आणि 4272 हे डबे तिथे अशाच हौशी फेऱ्यांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचे व्हिडिओ पाहून इंदुरातही 'आपण करू या का?' ही चर्चा सुरू होते. करता येतं, नागपूरला जाऊन. तिथली मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोने वाढदिवस, साखरपुडा, छोटे समारंभ यांसाठी गाडी भाड्याने द्यायची 'सेलिब्रेशन ऑन व्हील्स' ही योजना आणली आणि रेल्वेप्रेमींच्या फेरीसाठी अर्ज करायचा तो याच वाटेने. मात्र अशा सहली फसतात त्या बहुतेक एकाच गैरसमजापोटी. भाड्याने मिळते ती गाडी. रूळ रोजच्या प्रवाशांचेच राहतात. खालच्या बऱ्याचशा चुका त्यातूनच येतात.

अर्ज चुकीच्या दारात

रेल्वेची विशेष गाडी किंवा डबा हवा असेल तर आयआरसीटीसीच्या एफटीआर पद्धतीने, म्हणजे पूर्ण भाडं भरून, आरक्षण होतं. महू ते पाताळपाणीसारख्या मार्गांवर फिरलेल्यांना ही पद्धत ठाऊक असते, म्हणून ते मेट्रोसाठीही तिथेच चौकशी करतात. मेट्रो भारतीय रेल्वेचा भाग नाही. नागपूरची मेट्रो महामेट्रोची, इंदूरची मध्य प्रदेश मेट्रो रेल कॉर्पोरेशनची. अर्ज थेट त्या त्या कंपनीकडे करायचा.

अर्जात 'आम्हाला गाडी हवी' एवढंच लिहिलं तर वाढदिवसाच्या पार्टीचं छापील उत्तर येतं. त्याऐवजी एका पानात हे लिहा: तारीख आणि एक पर्यायी तारीख, चढण्याचं स्थानक, मार्गिका, माणसांची संख्या, जादा थांबे कोणते आणि प्रत्येकी किती मिनिटांचे, कॅमेरे किती, सजावट काय, जबाबदार माणूस एकच आणि त्याचा मोबाइल. चित्रीकरण कमाई होणाऱ्या चॅनलवर जाणार असेल तर तेही आधीच सांगा. नंतर कळलं तर व्यावसायिक चित्रीकरणाचे वेगळे दर आणि वेगळी परवानगी असा घोळ सुरू होतो, तोही फलाटावर उभं असताना.

वेळापत्रक सहलीच्या बससारखं आखणं

सगळ्यात जास्त फेऱ्या इथे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.

शिकागोच्या उत्तरेकडच्या मुख्य मार्गाच्या मोठ्या भागात चार रूळमार्ग आहेत. एक गाडी रेंगाळली तरी दुसरी बाजूने निघून जाते. नागपुरात आणि इंदुरात येणारा एक आणि जाणारा एक, असे दोनच. तुमची गाडी फलाटावर थांबली की मागची गाडी तुमच्या मागे अडकते. त्यामुळे 'पाच ठिकाणी दहा-दहा मिनिटं थांबू' हा बेत नियंत्रण कक्ष पहिल्याच वाचनात खोडतो.

हिशोब करून पाहा. समजा, नेहमीच्या गाड्या दर 15 मिनिटांनी आहेत आणि दोन गाड्यांत किमान 3 मिनिटं अंतर ठेवायचं आहे. पुढची गाडी 10:00 ला सुटली, मागची 10:15 ला सुटणार. बहुतेक आयोजक मधली वेळ मागतात: 10:07. म्हणजे मागे 8 मिनिटं उरली. त्यातली 3 वजा केली की त्या अख्ख्या दिशेत जादा थांब्यांसाठी फक्त 5 मिनिटं मिळाली. हीच गाडी 10:03 ला सोडायला सांगितली तर मागे 12 मिनिटं, 3 वजा जाता हातात 9. चार मिनिटांच्या एका फोटो-थांब्यात नेहमीचा अर्धा मिनिट धरलेलाच असतो, म्हणजे जादा खर्च साडेतीन. नऊ मिनिटांत असे दोन थांबे नीट बसतात आणि दोन मिनिटं राखीव राहतात. 10:07 च्या गाडीत एकच.

त्यातही एक मेख आहे. तुमची गाडी मधली स्थानकं न थांबता सोडत गेली तर प्रत्येक स्थानकामागे अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाचतं आणि ती पुढच्या गाडीच्या पाठीला जाऊन चिकटते. मग दोन स्थानकांच्या मधोमध पुलावर लाल सिग्नलला ताटकळणं आलं. ते टाळायला पहिला फोटो-थांबा सुरुवातीच्या तीन-चार स्थानकांतच घ्या. शेवटच्या स्थानकावर गाडी उलटी फिरते तेव्हा परतीच्या दिशेचा हिशोब नव्याने सुरू होतो, म्हणून लांबचा थांबा हवाच असेल तर तो टोकाला मागा.

एक तासाच्या भाड्यात पूर्ण मार्गिका जाऊन-येऊन होईल, असंही धरू नका. नागपूरची नारिंगी मार्गिका खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक वीसेक किलोमीटर आहे; थांबे धरून एका बाजूला साधारण 40 मिनिटं, टोकाला चालकाने एका केबिनमधून दुसऱ्या केबिनमध्ये जायला पाच-सात मिनिटं, आणि परत 40. जादा थांबे वेगळेच. दीड तासाखाली मागणी करूच नका, नाहीतर अर्धीच मार्गिका घ्या. नारिंगी आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका एकाच गाडीने करायचा हट्टही सोडा. सीताबर्डीला दोन मार्गिका वेगवेगळ्या पातळीवर ओलांडतात; दुसरी करायची तर तिथे उतरून साध्या तिकिटाने करा.

'पुलावर जरा थांबवा ना'

नाही थांबवत. गाडी सिग्नल यंत्रणेच्या देखरेखीत धावते आणि दारं उघडायची जागा म्हणजे फलाट. मेट्रो रेल्वे (संचालन व देखभाल) अधिनियम, 2002 प्रमाणे रुळांवर उतरणं गुन्हा आहे, भाड्याची गाडी असली तरी. धावत्या गाडीचा फोटो हवा असेल तर तो स्थानकावरच जमवावा लागतो: सगळ्यांनी उतरायचं, रिकामी गाडी टोकाला जाऊन समोरच्या फलाटावरून परत येताना टिपायची. हे टोकाच्या अलीकडच्या स्थानकावर करा, म्हणजे वाट पाहणं कमी होतं. दोन फलाट रुळांच्या दोन बाजूंना असलेलं स्थानक निवडलंत तर समोरच्या फलाटावरून पूर्ण बाजू दिसते.

उतरताना गोंधळ

साठ माणसं आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही. ती एका डब्यात असतात ही खरी अडचण. पहिल्या डब्यात चालकाच्या मागे सगळे गर्दी करतात. त्या डब्याला एका बाजूला चार दारं, म्हणजे दारामागे 15 जण, पिशव्या आणि ट्रायपॉडसकट. अर्धा मिनिट तिथेच गेला. तीन डब्यांत वीस-वीस वाटले तर दारामागे पाच जण येतात आणि दहा-बारा सेकंदांत डबा रिकामा होतो. प्रत्येक डब्याला एक स्वयंसेवक आणि उतरण्याआधी 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' अशी हाक, एवढं पुरतं.

रंगीत तालीम इंदुरातच करा. 31 मे 2025 ला सुरू झालेला आपला सुपर कॉरिडॉरचा टप्पा सहाएक किलोमीटरचा, पाच स्थानकांचा. साध्या तिकिटात स्वयंसेवकांना चढ-उतर, मोजणी आणि फलाटावर उभं राहायच्या जागा सगळं समजतं. पण तिकिटावर आत राहण्याची वेळमर्यादा असते आणि त्याच स्थानकातून बाहेर पडायची मर्यादा आणखी कमी असते, हे विसरू नका. फलाटावर रमलेल्या रेल्वेप्रेमींना दंड बहुतेक यावरूनच होतो. गेटवरचं पत्रक आधी वाचा.

मंडळाच्या सहलीत काकांसाठी बस थांबते. इथे दारं बंद झाली की काका पुढच्या गाडीने. म्हणून प्रत्येकाकडे स्वतःचं तिकीट भरण्यापुरतं कार्ड किंवा पैसे आणि गाठायच्या स्थानकाचं नाव असू द्या.

शेव, फुगे आणि इतर आपत्ती

इंदूरकर डब्यात काय काढणार हे सांगायला नको. आत खायची परवानगी मिळालीच तरी शेव, चिवडा, पोहे आणि चमकीचे तुकडे बाहेरच ठेवा. सरकत्या दाराच्या खालच्या कडेला उंबऱ्यात एक अरुंद खाच असते आणि दार तिच्यात धरून चालतं. तिथे बारीक शेव साचली की दार शेवटच्या टप्प्यात अडतं, अडथळा समजून पुन्हा उघडतं, पुन्हा मिटू पाहतं. सगळी दारं कुलूपबंद झाल्याचा संकेत मिळाल्याशिवाय गाडीला ओढशक्तीच मिळत नाही. एका मुठीने अख्खी मार्गिका खोळंबते, आणि दोष अर्थातच तुमच्या माथी. कोरडा खाऊ हवा तर बर्फीसारखा, न सांडणारा.

फुग्यांचं गांभीर्य वेगळं. नागपूरच्या गाड्या वरच्या तारेतून 25 हजार व्होल्टवर चालतात. चंदेरी फॉइलचा फुगा फलाटावर हातातून सुटून तारेपाशी गेला तर ठिणगी पडून वीजपुरवठा बंद पडू शकतो. सेल्फी स्टिक किंवा मोनोपॉड डोक्यावर उंचावणंही याच कारणासाठी बंद. तारेपासून किमान 2 मीटर अंतर हा रेल्वेतला नेहमीचा दंडक आहे. इंदुरात वर तार नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका: तिथे 750 व्होल्टची वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून येते. लेन्सचं झाकण खाली पडलं तर ते गेलं. स्टेशन कर्मचाऱ्याला सांगा, वाकू नका.

खांबांना चिकटपट्टी, मेणबत्ती, स्प्रे हे सगळं अर्ज करतानाच यादीतून काढून टाका.

फोटो का फसतात

पुलाचा कठडा गाडीची चाकं आणि बोगी, म्हणजे चाकांची चौकट, झाकतो, त्यामुळे खालच्या रस्त्यावरून काढलेल्या फोटोत नुसता अर्धा डबा दिसतो. रस्त्यावरून काढायचंच तर पुलापासून लांब जा आणि मोठी लेन्स लावा; जवळ गेलात की कठडा आणखी गिळतो. नागपुरात गड्डीगोदामला रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो अशी चार मजली रचना आहे. तिथे कठड्याचा त्रास वाटत नाही, कारण पाहण्यासारखी ती रचनाच आहे. खापरीकडचा भाग जमिनीवर आहे, तिथल्या स्थानकांवर गाडी जास्त मोकळी दिसते.

उन्हाची बाजू नकाशावर आधी ठरवा. अ‍ॅक्वा मार्गिका पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर दक्षिणेची बाजू उजळलेली राहते. नारिंगी उत्तर-दक्षिण: सकाळी पूर्वेचा फलाट, दुपारनंतर पश्चिमेचा. अर्जात थांबे लिहिताना हे पाहिलं नाही, तर परवानगीचे सगळे थांबे सावलीत पडतात.

गाडीच्या कपाळावरचं नाव फोटोत तुटकं येतं किंवा काळं दिसतं, ही तक्रार फार ऐकू येते. एलईडी पाटी डोळ्यांना स्थिर वाटते, प्रत्यक्षात ती सतत लुकलुकत असते. शटर 1/1000 सेकंदावर ठेवलं तर अर्धी अक्षरं गायब होतात. गाडी फलाटाशी मंदावत असताना 1/125 किंवा त्याहून संथ ठेवा. फ्लॅश कधीच नको, चालकाच्या डोळ्यांवर जातो. आतून बाहेरचं टिपताना काचेतलं प्रतिबिंब घालवायला लेन्सभोवती काळं कापड किंवा रबरी हूड काचेला टेकवा. मोटरचा सूर ध्वनिमुद्रित करणाऱ्यांनी टोकाच्या डब्यात बसावं; नागपूरच्या तीन डब्यांच्या गाडीत मधल्या डब्याखाली मोटर नसते.

ड्रोनचा विचार सोडून द्या. विमानतळाच्या हद्दीपासून 5 किलोमीटरच्या आसपासचा भाग लाल क्षेत्रात मोडतो, 8 किलोमीटरपर्यंत कुठल्याही उंचीवर परवानगी लागते. इंदूरचं गांधी नगर आणि नागपूरचं खापरी, दोन्ही टोकं विमानतळाला लागून आहेत.

त्याच दिवशी पोचून त्याच दिवशी फेरी

इंदूर–नागपूर वंदे भारत सकाळी सुटून दुपारी पोचते. कागदावर दुपारी चारची फेरी जमते; तासभर उशीर झाला की वेळ हुकते आणि भाडं परत मिळत नाही. मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दीची वेळ ओसरल्यावर, साधारण 11 नंतरची वेळ मागा. नागपूर रेल्वे स्थानकाजवळ अ‍ॅक्वा मार्गिकेचं त्याच नावाचं स्थानक आहे. मे महिना नकोच.

गाडीच उशिरा आली तर

कोणता थांबा सोडायचा याचा क्रम आधीच लिहून नियंत्रण कक्षाला द्या: पहिला जाईल तो तिसऱ्या पसंतीचा, मग दुसऱ्या. फलाटावर साठ जणांत मतदान घेत बसलात तर उरलेली मिनिटंही जातात. चालकाशी परस्पर बोलून थांबा वाढवू नका. निर्णय त्याच्या हातात नसतो, बोलायचं ते सोबत दिलेल्या अधिकाऱ्याशी, आणि तेही एकाच माणसाने.

वर्गणी गोळा करताना येणाऱ्यांची संख्या आठ-दहाने कमी धरून माणशी रक्कम काढा, जीएसटी आणि अनामत वेगळी दाखवा, पैसे अर्जाआधी घ्या. गाडी ताब्यात घेताना तिन्ही डब्यांच्या आसनांचे, दारांचे आणि काचांचे फोटो अधिकाऱ्यासमोर काढून ठेवा, परत करतानाही तेच. आधीचा ओरखडा कुणाचा यावरून अनामत अडकते, आणि तिथे तारीख-वेळेचा फोटोच कामी येतो.